चौसष्ट पावलं

पिंपळकोठे, ता. नंदुरबार
१२ ऑक्टोबर १९६१

प्रिय हिलालदादा,

सप्रेम नमस्कार. मावशीला साष्टांग सांग.

गेल्या रविवारी तापीवर चकवे, पुस्तकातले चक्रवाक, आले. विटकरी अंगाची, गाईच्या वासरासारखी नीट चालणारी ती जोडी दरवर्षी येते आणि दरवर्षी माझी फजिती करून जाते. तू पाठवलेला जर्मन कॅमेरा उत्तमच आहे, तक्रार त्याची नाही. पण त्याच्या साध्या लेन्सने काढलेल्या फोटोत तापी येते, आभाळ येतं, पलीकडची केळीची बाग येते आणि चकवा मोहरीएवढा येतो. आमच्या हेडमास्तरांना फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "मोतीलाल, पक्षी उडाल्यावर काढला का?" मी चित्रकला शिकवणारा मास्तर, मला हे लागलं.

चकव्यासारखा सावध पक्षी नाही. शिकारी त्याला शिव्या देतात, कारण तो ओरडून सगळ्या बदकांना उठवतो. साठ पावलांच्या आत मला त्याने आजवर येऊ दिलेलं नाही. तेव्हा आता लांबची लेन्स हवी. तू फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात दिवसभर लेन्साच उघडून बसतोस, तर सांग: १३५ मिलिमीटरची घेऊ की २००ची? त्याहून मोठी असते का? सवलतीत काही मिळालं तर उत्तम. बट्टा लागलेली चालेल, काच तेवढी स्वच्छ हवी.

घरी आनंद आहे. धाकटीचा, आपल्या रंजनाचा, साखरपुडा झाला. कोरीटचे मगनआप्पा, त्यांचा पुतण्या. घर मोठं, केळी-उसाची जमीन, माणसं कडक. लग्न वैशाखात.

आणखी एक गंमत. खाली गुजरातेत धरण व्हायचं आहे म्हणतात, म्हणून सरकारने आमच्या नदीत पाणी मोजायची पट्टी रोवली आहे. साक्रीकडचा छगन नावाचा एक उंच पोरगा रोज सकाळी आठाला तिथे उभा राहून आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. चकवे आल्याची पहिली बातमी त्यानेच दिली. सरकार पाणी मोजतं, छगन पक्षीही मोजतो.

तुझा,
मोतीलाल

---

मुंबई
२४ ऑक्टोबर १९६१

चि. मोतीलाल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. 'पक्षी उडाल्यावर काढला का' हे आता इथे म्हण झालं आहे.

१३५ची विसर. ती लग्नात नवरीचा चेहरा काढायला. मोहरीचा वाटाणा होईल, चकवा होणार नाही. २००ची हातात धरायला बरी, पण साठ पावलांवर तीही अपुरीच. तुला ४००ची पाहिजे. एरवी तुझ्यामाझ्यासारख्याने तिच्याकडे शोकेसच्या काचेतून पाहावं आणि घरी जावं, कारण परदेशी माल येणं जवळजवळ बंद आहे. पण आमच्या दुकानात एक पडून आहे. गिऱ्हाइकाच्या हातून पडली, पुढची कड चेपली, आतलं छिद्र लहानमोठं करायची कडी घट्ट फिरते. दोन वर्षं कुणी घेईना. शेठ निम्म्या किमतीत द्यायला तयार आहेत. काच मी दिव्यावर धरून पाहिली, बुरशी नाही, ओरखडा नाही. घे. तुझ्या कॅमेऱ्याला बसेल अशी कडी मी कातून देतो.

आता नीट ऐक. ही हातात धरायची वस्तू नाही. ट्रायपॉड जड पाहिजे, आणि लेन्सवर बाजरीची थैली ठेव, म्हणजे ती थरथरणार नाही. छिद्र ११वर ठेव. आणि एक खोड सांगून ठेवतो. ही लेन्स दूरचं जवळ आणते, पण मधलं अंतर चेपून टाकते. एकामागे एक अशी लांब लांब उभी झाडं फोटोत चिकटून उभी दिसतील. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, हिच्यातून डोंगर अंगणात येतात. त्याची सवय करून घे.

रंजनाला आशीर्वाद. ती परकर नेसून माझ्या सायकलमागे धावायची, तिचं लग्न म्हणजे आपण म्हातारे झालो.

तुझा,
हिलाल

---

पिंपळकोठे
७ जानेवारी १९६२

प्रिय हिलालदादा,

जमलं! फिल्मचे दोन रोळ हलून वाया गेले, तेव्हा तुला पत्र लिहायची लाज वाटत होती. मग बाजरीची थैली दुप्पट केली. एक जानेवारीला सकाळी, नदीच्या वळणावर लव्हाळ्यात पोटावर पडून, चकव्यांची जोडी मिळाली. नर मान वर करून, मादी पाण्यात चोच घालून. नराच्या गळ्यातली काळी रेघसुद्धा मोजून घ्यावी अशी. नंदुरबारला स्टेशनजवळच्या स्टुडिओत मोठा फोटो करून घेतला. फोटो पाण्यातून वर येताना मी अक्षरशः ओरडलो.

सव्वीस जानेवारीला शाळेत प्रदर्शन आहे, त्यात मधोमध लावणार. हेडमास्तरांनी चष्मा न हलवता पाहिला आणि म्हणाले, "हा आहे पक्षी." घरी आबांनीही पाहिला. म्हणाले, "एवढ्या खटपटीत एक म्हैस आली असती." पण दोनदा पाहिला.

दादा, ही लेन्स म्हणजे माझ्या आयुष्याचं सोनं आहे. तुझे उपकार.

तुझा,
मोतीलाल

---

पिंपळकोठे
३० जानेवारी १९६२

हिलालदादास नमस्कार.

एक शंका आहे. शाळेत निघाली म्हणून विचारतो. लेन्स खोटं दाखवू शकते का? म्हणजे फोटोत दोन माणसं शेजारी उभी दिसली, तर ती खरोखर शेजारीच होती असं धरायचं का? लवकर कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

मोतीलाल

---

(पोस्टकार्ड)

मुंबई
३ फेब्रुवारी १९६२

चि. मोतीलाल,

इथे अष्टग्रहीने लोक भेदरलेत, अर्धी चाळ गावी पळाली, आणि तुझ्या शाळेला लेन्सची शंका! लेन्स काय वकील आहे खोटं बोलायला? असतं तेच ती दाखवते. कुणी मास्तर-मास्तरीण सापडले वाटतं फोटोत? लेन्सवर खापर फोडू नका म्हणावं, सरळ लग्न लावून द्या. जग बुडायच्या आत पेढे पाठव.

हिलाल

---

पिंपळकोठे
९ फेब्रुवारी १९६२

हिलालदादा,

अष्टग्रहीने जग बुडालं नाही. आमचं घर बुडालं. आणि शेवटचा धक्का तू दिलास.

तुला आमच्या गावची रीत माहीत आहे, तरी विसरलास. इथे बंद पाकीट ज्याचं त्याचं असतं, पण कार्ड गावाचं असतं. निम्म्या लोकांना वाचता येत नाही, म्हणून गोवाल पोस्टमन पारावर बसून सगळी कार्डं मोठ्याने वाचतो. तसं तुझंही वाचलं. पारावर आबा होते. "असतं तेच ती दाखवते. सरळ लग्न लावून द्या." गोवालने हे दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला नाही.

आता सगळं सांगतो, आधीच सांगायला हवं होतं. लाज वाटली म्हणून लपवलं.

तो चकव्यांचा फोटो. मी पक्षी पाहिले, पाणी पाहिलं, प्रकाश पाहिला. पक्ष्यांच्या मागे काय आहे ते पाहिलंच नाही. मागे, जरा धूसर, पण ओळखू येईल इतकी, आपली रंजना उभी आहे. डोक्यावर हंडा, अंगावर साखरपुड्याचंच ठिपक्याचं लुगडं. आणि तिच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून, मान खाली वाकवून, छगन. पट्टीवर आकडा वाचणारा तो छगन. बाई पाणी भरायला आली आणि परका पुरुष तिच्या कानाशी वाकून काही सांगतोय, असंच ते दिसतं. मी माझ्या हाताने ते मोठं करून, चौकटीत घालून, शाळेत मधोमध टांगलं!

मगनआप्पा मिरची घेऊन नंदुरबारच्या बाजारात आले होते. परत जाताना प्रदर्शन पाहायला आमच्या शाळेत शिरले. पक्ष्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी कोरीटला सगळ्यांना माहीत झालं होतं.

मी छगनला गाठलं. तो म्हणाला, "मास्तर, मी पट्टीजवळून हललो नाही. वहीत लिहीत होतो, म्हणून मान खाली आहे." पट्टी आमच्या घाटापासून बरीच लांब आहे हे खरं, पण फोटोत पट्टी दिसतच नाही, ती हंड्यामागे गेली आहे. दोघांचे पाय लव्हाळ्यात बुडालेत. मग कोण ऐकणार? गावच्या पोरांनी छगनची सायकल नदीत टाकली. त्याच्या साहेबाने त्याची बदली मागितली आहे.

रंजनाचं नदीवर जाणं बंद. बोलणंही बंद. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, मी त्याना जोडे एक शब्द बी बोलनू नही." आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

कार्ड वाचल्यावर आबा घरी आले, लेन्स उचलली आणि उंबऱ्यावर आपटली. "हाई काच मन्हा घरमा नको!" पुढच्या काचेवर करंगळीएवढा ओरखडा आहे. मी आधी त्या ओरखड्यावर बोट फिरवलं आणि त्याच क्षणी स्वतःची घृणाही वाटली, की बहिणीचं आयुष्य मोडतंय आणि मी काच बघतोय.

मगनआप्पांनी पंचवीस फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली आहे. त्या रविवारी ते चार पंच घेऊन येतील. खुलासा पटला तर ठीक, नाहीतर लुगडं-नारळ परत. परत गेलं की जातीतलं एक घर तिच्याकडे पाहणार नाही. आबांनी तर खांडबाऱ्याकडच्या एका बिजवराची चौकशीही सुरू केली आहे. पन्नाशीचा, तीन मुलांचा बाप. रंजना एकोणीस वर्षांची आहे, दादा.

खरं सांगू? त्या फोटोकडे पाहून पाहून एका क्षणी मलाही वाटलं, की असेल का? माझ्याच बहिणीबद्दल. त्या क्षणाची मला कायम लाज वाटेल.

निगेटिव्ह पाठवतो आहे. फोटो चुलीत घातला. तुला काही करता येत असेल तर कर. आणि उत्तर पाकिटात पाठव.

मोतीलाल

---

मुंबई
१४ फेब्रुवारी १९६२
(रजिस्टर)

चि. मोतीलाल,

काल दुपारपासून अन्न गोड लागत नाही. तोंडाला कुलूप नसलेल्या माणसाने कार्ड लिहूच नये. मी तुला ऑक्टोबरात स्वतः लिहिलं होतं की ही लेन्स अंतर चेपते, आणि तू विचारलंस तेव्हा मला थट्टा सुचली. रंजनाचे पाय धरून माफी मागायला हवी, पण ते नंतर. आधी काम.

निगेटिव्ह भिंगाखाली ठेवली आणि पट्टीने मोजली. मोतीलाल, फोटो खोटा नाही, आपण तो वाचायला चुकलो. छगन केवढा उंच आहे? तूच लिहिलं होतंस, उंच पोरगा. रंजना माझ्या आठवणीत ठेंगणी, अशा उंच पोराच्या खांद्याला जेमतेम लागेल. आणि फोटोत काय आहे? छगनचं डोकं तिच्या कानापर्यंत! तुम्ही सगळे म्हणालात, तो वाकलाय म्हणून. मान वाकवून माणूस चार बोटं कमी होतो, हातभर होत नाही. तो लहान दिसतो कारण तो लांब आहे. माझ्या हिशेबाने, तू घाटापासून एकशे ऐंशी पावलांवर पडला असशील, तर छगन तुझ्यापासून दोनशे चाळीसच्या पुढे हवा. म्हणजे दोघांमध्ये निदान साठ पावलं. जाऊन मोज.

पण हे गणित पंचांना सांगू नकोस. पंच गणिताने वळत नाहीत, डोळ्यांनी वळतात. तेव्हा असं कर.

पंचवीस तारखेला त्यांना नदीवर ने. सकाळी आठ, तीच जागा, तीच लेन्स, छिद्र ११. एक माणूस घाटावर उभा कर, एक पट्टीपाशी. मधलं अंतर पंचांनी स्वतः मोजू दे. फोटो काढ आणि तिथल्या तिथे रोळ डबीत घालून डबी त्यांच्या हातात दे. नंदुरबारच्या स्टुडिओत धुताना दोन पंच दाराशी बसव, नाहीतर म्हणतील, मास्तरने चिकटवलं. तू पूर्वी पडला होतास तिथेच पड, पाऊलभर इकडेतिकडे झालास तर दोघं एका रेषेत येणार नाहीत आणि सगळं फुकट जाईल. आधी दोनदा जाऊन जागा नक्की कर. जवळची लेन्स लावून बघायचा मोह होईल, लावू नकोस. जवळची लेन्स अंतर दाखवते, आणि आपल्याला ही अंतर खाते हे दाखवायचं आहे.

ओरखड्याचं भय धरू नकोस. आमच्या धंद्यातली युक्ती: काडीच्या टोकाने ओरखड्यात काळी शाई भर, फक्त ओरखड्यात. पांढरा ओरखडा प्रकाश उधळतो, काळा गप्प बसतो. छिद्राची कडी अडली तर जोर लावू नकोस, तळहाताने ऊब दे.

इथे बसून मी उंटावरून शेळ्या हाकतो आहे हे कळतंय. रजा मागितली, शेठ सोडत नाहीत. रंजनाला सांग, तिच्या हिलालदादाने एक क्षणही शंका घेतली नाही. हे खरं आहे.

हिलाल

---

पिंपळकोठे
२७ फेब्रुवारी १९६२

प्रिय हिलालदादा,

बस आणि वाच, उभ्याने वाचू नकोस.

रविवारी साडेसातला आप्पा चार पंच घेऊन बैलगाडीतून उतरले. गाडीत लुगड्याचं गाठोडं तयारच होतं. माय ते बघून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी नदीवर चला म्हटलं तर आप्पा म्हणाले, "मास्तर, आम्ही काय तमाशा दखाले उनूत का?" आबांनी पगडी काढून हातात घेतली. बापाला असं उभं पाहणं नको रे.

मग आप्पाच म्हणाले, "चाल. पन पट्टीपाशी मी सोता उभा ऱ्हासू. दुसरा मानूस नको, चलाखी नको." मला तेच हवं होतं. आता घाटावर कोण उभं राहणार? रंजनाच्या जागी बाईमाणूसच हवं. आपल्यातली कोण तयार होणार? सगळ्या पदर तोंडात धरून मागे सरकल्या. तेवढ्यात मासे विकणारी रूपलीबाई टोपली घेऊन चालली होती. साठीची बाई, सगळ्या गावाला फटकळ तोंडाने ओळखीची. "काय शे, मास्तर? फोटू? मी उभी ऱ्हास. मन्हं लगीन काय मोडाव शे आते?" डोक्यावर टोपली तशीच घेऊन ती घाटावर जाऊन उभी राहिली.

पंचांनी पावलं मोजली. घाटापासून पट्टीपर्यंत चौसष्ट. एका पंचाने पुन्हा मोजली. चौसष्टच. मी लव्हाळ्यात आडवा झालो. चार दिवस आधीच मी तिथे दगड पुरून खूण केली होती. कडी अडली. तळहात ठेवला, तळहात घामाने ओला, धोतराला पुसला, पुन्हा ठेवला. फिरली. मी तीन फोटो काढले आणि रोळ आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो उपरण्याच्या गाठीत बांधला, गाठीवर आणखी एक गाठ.

स्टुडिओत दोन पंच दाराशी, आप्पा आत, लाल दिव्याखाली. त्यांनी हातातलं उपरणं सोडलं नाही. कागद पाण्यात टाकला. आधी लव्हाळी आली. मग टोपली आली. मग रूपलीबाईचं तोंड, आणि तिच्या कानाला लागून, दादा, अगदी कानाला लागून, मगनआप्पा! मिशांसकट! दोघं जणू लग्नाला चालल्यासारखी!

आप्पा पाण्यावर वाकले, स्वतःच्या मिशांना हात लावला. मग म्हणाले, "हाई तं मी नही."

फोटो ओलाच गावात आणला. पारावर सगळे जमले होते, रूपलीबाईही. तिने फोटो पाहिला, आप्पांकडे पाहिलं आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बठा लोक दखा रे! मी घाटवर, आप्पा तठे पट्टीजोडे, आनि फोटूमा दोन्ही एकच जागावर! आप्पा, आते मन्हा घरधनीले काय सांगू? कोरीटले नांदाले येऊ का?" पार हसून लोळला. आधी आप्पा रागाने लाल झाले, आणि मग तेही हसले. हसता हसता आबांच्या खांद्यावर हात ठेवला. गाठोडं गाडीतून उतरलं आणि घरात गेलं. लग्न ठरल्या तिथीला.

मी मागच्या अंगणात जाऊन रडलो. एवढा मोठा गडी, लेकरासारखा.

छगनची बदली झालीच. काल सामान घेऊन गेला. मी माफी मागायला गेलो तर म्हणाला, "मास्तर, तुमचा चकवा छान आला होता." त्याचं काही चुकलं नव्हतं आणि शिक्षा त्यालाच झाली.

आता एक काम. ती निगेटिव्ह जाळून टाक. एक तुकडाही ठेवू नकोस. मला ती जिवंत आहे हे कळलं तरी झोप येणार नाही. आणि लेन्स मी ट्रंकेत ठेवली आहे. चकवे उत्तरेला जाईपर्यंत बाहेर काढणार नाही.

तुझा,
मोतीलाल

---

पिंपळकोठे
५ मार्च १९६२

तीर्थरूप हिलालदादा यांस रंजनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. सातवीपर्यंत शिकले, पण लिहायला कुणी नव्हतं. हे रूपलीमावशी नंदुरबारला मासे विकायला जाईल तेव्हा पेटीत टाकणार आहे. याचं उत्तर मला पाठवू नका. माझ्या नावाने काहीही आलं तर गाव कान टवकारेल.

तुम्ही आणि दादाने माझी लाज राखली. दादा लव्हाळ्यात पडून पुन्हा पुन्हा हात धोतराला पुसत होता हे मी माळ्याच्या झरोक्यातून पाहिलं. ते मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही शंका घेतली नाही असं दादाने सांगितलं. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुमच्याशी खोटं बोलून मला सासरी जायचं नाही.

मी दादाला सांगितलं की मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही. ते खरं आहे. पाच महिन्यांत एकही नाही. ते पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचायचे, मग लिहायचे. सरकारी माणसाला मोठ्याने वाचायची गरज नसते हे मला कळत होतं. "एकशे चार, दोन." "एकशे चार, एक." हिवाळ्यात पाणी उतरत होतं, आकडा रोज थोडा कमी. मला घाटावर यायला उशीर झाला तर ते तोच आकडा पुन्हा एकदा वाचायचे. मी हंडा भरायची, डोक्यावर घ्यायची आणि परत यायची. मागे वळून पाहिलं तेही दोनदाच. एवढंच. याहून काही नाही.

ते चौसष्टव्या पावलावरून कधी पुढे आले नाहीत आणि मी घाट सोडून पुढे गेले नाही. पंचांनी त्या रविवारी पावलं मोजली. दादा, मी ती रोज मोजत होते.

मी कोरीटला जाते आहे. मला कुणी ढकललेलं नाही. मुलगा चांगला आहे म्हणतात, आणि आप्पा पंचांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, पोरी, चुकलो. एवढ्या मोठ्या माणसाने म्हटलं. मी नांदेन, नीट नांदेन. त्यांची बदली कुठे झाली ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

मोतीदादाने तुम्हाला फोटोची ती काच की फिल्म काय असते ती जाळायला सांगितली आहे. जाळा. पण जाळायच्या आधी एक प्रत काढता येईल का? तो फोटो खोटा आहे हे सगळ्या गावाने आता मान्य केलं, आणि मला ते सगळ्यांच्या आधीपासून माहीत होतं. पण आम्ही शेजारी उभे आहोत असं तेवढ्या एकाच जागी आहे. दुसरीकडे कुठे नाही आणि कधी नसेल.

तुम्हाला अयोग्य वाटलं तर हे पत्र फाडून टाका. मी रागावणार नाही.

तुमची धाकटी बहीण,
रंजना

---

(पोस्टकार्ड)

मुंबई
१७ मार्च १९६२

चि. मोतीलाल यास आशीर्वाद.

हे कार्ड मुद्दाम उघडं लिहितो आहे. गोवाल पोस्टमनला माझा नमस्कार, आणि त्याने हे पारावर मोठ्याने, सावकाश वाचावं ही विनंती.

तुझ्या सांगण्याप्रमाणे ती निगेटिव्ह काल माझ्या हाताने जाळली. राख गटारात सोडली. आता ती जगात कुठे नाही. मागच्या कार्डात मी जे बरळलो, त्याबद्दल सगळ्या गावाची आणि मगनआप्पांची माफी मागतो. लेन्स अंतर खाते हे मला ठाऊक होतं, तरी त्या कार्डात लिहिलं नाही. चूक माझी.

रंजनाच्या लग्नाला माझ्याकडून आहेर म्हणून चकव्यांचा फोटो पाठवतो आहे. फक्त पक्षी ठेवलेत, मागचं सगळं कापून टाकलंय, आप्पांनी खुशाल दिवाणखान्यात टांगावा. चौकट सागवानी आहे. काच, पुठ्ठा, खिळे सगळं मी स्वतः बसवलं आहे.

एवढं मात्र रंजनाला नक्की सांग. मागचा पुठ्ठा दुहेरी आहे. पुसायचं-झाडायचं काम तिने स्वतःच करावं, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नये.

हिलाल